जुना पासवर्ड रद्द

मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत अलकनंदाने फोन चार वेळा बंद करून पुन्हा चालू केला होता. विमानाचं चिन्ह दाबून, दहापर्यंत मोजून, ते काढूनही झालं होतं. वायफायची यादी उघडली की वरच्या मजल्यावरच्या खुराणांचं नेटवर्क दिसायचं, शेजारच्या डॉक्टरांचं दिसायचं, आणि सगळ्यांच्या वर, रेघा पूर्ण भरलेलं, स्वतःच्या घराचं. त्यावर बोट ठेवलं की बारीकसं चक्र फिरायचं आणि मग तेच उत्तर. पासवर्ड चुकीचा आहे.

पासवर्ड चुकीचा नव्हता. दोन वर्षं तोच होता, आणि सोमवारी दुपारपर्यंत फोनला तो चालत होता.

मयूर विहारच्या त्या सोसायटीत तळमजल्यावरच्या फ्लॅटांमध्ये मोबाइलला रेंज येत नसे. समोर एक इमारत, मागे एक इमारत, मध्ये गाड्या. बाहेरच्या फाटकापर्यंत गेलं तर दोन रेघा मिळायच्या. घरात फोन यायचा तो वायफायवरूनच. लँडलाइन काढून टाकल्याला तीन वर्षं झाली होती. म्हणजे सोमवारी दुपारपासून या घरात अलकनंदाला कुणाचा फोन आलेला नव्हता, आणि तिला कुणाला करता आलेला नव्हता. मानेसरला कंपनीच्या बसने जाताना रेवती रोज सकाळी आईला फोन करायची. आज तोही नाही.

घरात दुसरा फोन होता तो नवऱ्याचा, श्रीरंगचा. तो व्यवस्थित चालू होता. बंद दाराआडून त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

रविवारी दुपारी जेवण अर्धवट टाकून तो अभ्यासिकेत गेला होता, तेव्हापासून तिथेच होता. झोपायलाही तिथेच, जुन्या दिवाणावर. "जुनं प्रकरण आहे," एवढंच त्याने दाराच्या फटीतून सांगितलं होतं. "जबाब द्यायचाय. विचारू नकोस." अलकनंदाने विचारलं नाही. श्रीरंग अष्टपुत्रे एका केंद्रीय मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाला होता, आणि शेवटची नऊ वर्षं दक्षता विभागात होता. त्या नऊ वर्षांत दार लावून फोनवर बोलणं, डबा तसाच परत येणं, चेहरा उतरलेला असणं, सगळं झालेलं होतं. न विचारणं ही तिची जुनी सवय होती, आणि तिला त्या सवयीचा थोडा अभिमानही होता.

पण फोन तर चालायला हवा.

राउटर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर होता. रेवतीने एकदा शिकवलं होतं: काही कळेनासं झालं की आधी बटण बंद करायचं, तीसपर्यंत मोजायचं, मग लावायचं. अलकनंदाने बटण बंद केलं. हिरवे दिवे विझले. ती मोजू लागली.

अकरापर्यंत आली असेल. अभ्यासिकेचं दार धाडकन उघडलं आणि श्रीरंग धावत बाहेर आला. एकाहत्तर वर्षांचा, बायपास झालेला माणूस. त्याला धावताना तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रविवारचाच सदरा अंगावर, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले.

"कुणी बंद केलं? लाव! लाव आधी!"

"अहो, माझा फोन—"

त्याने तिला बाजूला सारून स्वतःच बटण दाबलं. पहिल्यांदा बोट चुकलं. मग तो दिव्यांकडे बघत उभा राहिला, एक हात छातीवर. एक दिवा लागला, दुसरा लागला, तिसरा लुकलुकायला लागला, आणि त्याच्या हातातला फोन वाजला. तिच्याकडे पाठ करून त्याने तो तोंडासमोर धरला.

"जी सर. सॉरी सर. लाइट गई थी, सर." मग काही ऐकलं. "नहीं सर. कोई नहीं है. अकेला हूँ."

अलकनंदा त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती.

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या दाराला कडी आहे हे ती विसरूनच गेली होती.

ती बराच वेळ पॅसेजमध्ये उभी राहिली. बाहेर नोव्हेंबरची ती पिवळट, धुरकट हवा होती. सगळ्या खिडक्या बंद, हॉलमध्ये हवेचा प्युरिफायर घरघरत होता आणि त्यावरचा दिवा लाल होता. मग तिला चिठ्ठी आठवली. मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून श्रीरंगने वायफायचा पासवर्ड चिकटवून ठेवला होता. तो असल्या गोष्टी डोक्यात ठेवत नसे, कागदावर ठेवत असे, आणि कागद म्हटला की तारीख आणि सही आलीच. तिने कपाट उघडलं. चिठ्ठी तिथेच होती. पासवर्डवर पट्टीने आखलेली तिरपी रेघ होती, आणि खाली बारीक, सरळ अक्षरांत:

"रद्द. सोमवार, १५.४० पासून. श्री. अ."

नवा पासवर्ड लिहिलेला नव्हता.

तिने ते दोनदा वाचलं. म्हणजे फोन बिघडला नव्हता, राउटर बिघडला नव्हता. हे ठरवून केलेलं होतं. ज्याने केलं त्याने ते तिच्यापासून लपवलं होतं, आणि लपवतानाही रद्द झालेला कागद तसाच चालू म्हणून लटकत ठेवणं त्याला जमलं नव्हतं.

साडेअकराच्या सुमाराला शाल घेऊन, मास्क लावून ती फाटकापाशी गेली. चौकीदाराच्या खोलीमागे दोन रेघा आल्या. रेवतीने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"आई! यार, कुठे आहेस तू? कालपासून लावतेय. बाबा उचलतच नाहीत."

"वायफायच जोडत नाहीये गं माझ्या फोनला."

"अच्छा, थांब. काय म्हणतो? कनेक्टेड पण इंटरनेट नाही, की पासवर्ड चुकीचा?"

"पासवर्ड."

"मग ते नेटवर्क फर्गेट कर, नव्याने टाक—"

"केलं सगळं. पासवर्ड बाबांनी बदललाय. कपाटातला जुना खोडून ठेवलाय, आणि नवा सांगत नाहीत. मी राउटर बंद केला तर केवढे बिथरले."

"बिथरले म्हणजे?"

"भडकले, घाबरले, दोन्ही. धावत आले, रेवा. आणि फोनवर कुणाला तरी ‘सर, सर’ करत होते. मी समोर उभी, आणि म्हणतात, कोई नहीं है."

पलीकडे कारखान्याच्या यंत्रांचा लांबून येणारा आवाज होता. तो कमी झाला. रेवती चालत कुठेतरी बाजूला गेली असावी.

"आई, नीट आठवून सांग. ते फोन कानाला लावून बोलतात, की तोंडासमोर धरून?"

"समोर धरून."

"कधीपासून?"

"रविवार दुपार."

"बाहेर नाही आले? जेवायला?"

"ताट आत देते. अर्धं परत येतं. गोळ्या घेतात की नाही, देव जाणे."

रेवती एक शिवी पुटपुटली, हिंदीत. मग तिने आईला समजावून सांगितलं, शक्य तितक्या शांतपणे. पोलीस असल्याचं सांगून फोन करणारे लोक. तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्ही घरातच अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. गणवेश, मागे झेंडा, खोटं न्यायालय, सगळं. आणि शेवटी बँक.

"असं फोनवर कुणी कुणाला अटक करत नाही, आई. असा कायदाच नाहीये. बाबांच्या ऑफिसातल्या एका सरांना सहा दिवस असं बसवून ठेवलं होतं, त्यांनीच मला सांगितलं होतं! हसले होते त्यांना!"

"मग आता स्वतः कसे—"

"ते नंतर. मी निघतेय. कॅब मिळाली तरी अडीच तास लागतील, सगळीकडे जाम आहे. हेल्पलाइनला मी फोन करते. तू त्यांना बाहेर काढ. कसंही. मेन स्विच पाड."

"इन्व्हर्टर आहे. आणि तो बंद केला तर ते इथे फाटकापाशी येऊन उभे राहतील फोन घेऊन. मी त्यांचा चेहरा पाहिलाय, तू नाही."

"मग सांग त्यांना. सरळ सांग, चोर आहेत."

अलकनंदाने परत येऊन सरळ सांगितलं. पुढे तिला वाटत राहिलं की ते करायला नको होतं.

तिने दार वाजवलं आणि बाहेरूनच म्हणाली, "अहो, ऐकताय का? रेवतीशी बोलले मी. ती म्हणते हे सगळं खोटं आहे. असे फसवणारे लोक असतात. दार उघडा."

आत बोलणं थांबलं. कडी निघाली. फटीत त्याचा अर्धा चेहरा दिसला, आणि तो रागावलेला नव्हता. तो पांढरा पडला होता.

"रेवतीला सांगितलंस?" तो कुजबुजला. "काय केलंस हे. कुणाला सांगायचं नव्हतं. आता तिचं नाव..."

त्याच्या मागून, खोलीतून, एक आवाज आला. मोठा नाही, चढलेला नाही. बँकेतल्या काउंटरवरचा माणूस बोलतो तसा, सरावाचा.

"अष्टपुत्रे साहब, ये मैडम कौन हैं? आपने तो कहा था अकेले हैं." आणि जरा थांबून, "बेटी को भी बता दिया? चलिए, बेटी का भी बयान लेंगे. मानेसर में है ना?"

श्रीरंगने डोळे मिटले. दार पुन्हा लागलं.

आतून आता त्याचा आवाज येत होता, विनवण्या करणारा. ‘सर, बच्ची का कुछ लेना-देना नहीं.’ सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हा आवाज तिने ऐकलेला नव्हता. तिने स्वतःला विचारलं, हा माणूस मूर्ख आहे का? नव्हता. दक्षता विभागात त्याने भल्याभल्यांचे जबाब वाचून खोटं पकडलं होतं. पण त्या सगळ्या वेळी तो टेबलाच्या अलीकडे होता. पलीकडे बसवलं की काय होतं, ते त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो इतका भ्याला होता. एकदा चौकशी लागली की माणूस निर्दोष सुटला तरी सुटत नाही, असं तोच म्हणायचा.

साडेबाराला कडी निघाली. तो बाथरूमकडे गेला, फोन तोंडासमोर धरूनच. "जी सर, कैमरा ऑन है. जी, दरवाज़ा खुला रखूँगा." बाथरूमचं दार त्याने खरंच उघडं ठेवलं. अलकनंदाने मान वळवली. मग तिच्या लक्षात आलं की अभ्यासिका रिकामी आहे.

पडदे ओढलेले होते. टेबलावर पुस्तकांच्या चवडीला फोन टेकवायची जागा केलेली, समोर खुर्ची, आणि डावीकडे एक फाइल. नवी, लाल फीत बांधलेली. वर त्याच्या अक्षरात ‘गोपनीय’.

घरात फाइल असणं नवलाचं नव्हतं. या घरात सगळ्याच्या फाइली होत्या. पाण्याची मोटर, सोसायटीशी पत्रव्यवहार, रेवतीचं लग्न. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, फ्रिज घ्यायचा की नाही यावर भांडण झालं तेव्हा श्रीरंगने ऑफिसातल्यासारखी टिप्पणी लिहून तिच्यापुढे ठेवली होती. ‘वरील प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्यांच्या मान्यतेसाठी सादर.’ ती हसून लोटपोट झाली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘चर्चा करावी.’ दुसऱ्या दिवशी त्याने तिला हिरव्या शाईचं पेन आणून दिलं. हिरवी शाई फक्त सहसचिव आणि त्यांच्या वरच्यांना. "मॅडम, आता रीतसर," तो म्हणाला होता.

थट्टेत सुरू झालेली ती गोष्ट रीत होऊन बसली. मोठं काही असलं की टिप्पणी यायची, ती ‘मान्य’ लिहायची किंवा ‘चर्चा करावी’ लिहायची. आणि ‘चर्चा करावी’ आलं की फाइल हलत नसे. एका जानेवारीत नव्या गीझरच्या टिप्पणीवर तिने तो शेरा मारला आणि स्वतःच विसरून गेली. अकरा दिवस हा माणूस गार पाण्याने आंघोळ करत राहिला. बाराव्या दिवशी तिने विचारलं, "अहो, गीझरचं काय झालं?" तर दात वाजवत म्हणाला, "चर्चा प्रलंबित आहे."

ही पहिली फाइल होती जी तिच्यापुढे आली नव्हती.

तिने फीत सोडली. हिरवट कागद, डाव्या बाजूला समास, परिच्छेदांना क्रमांक. रविवार, १४.१०, पहिला फोन. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, ओळखपत्राचा क्रमांक. माझ्या ओळखपत्राचा गैरवापर होऊन गुन्हा दाखल. चौकशी संपेपर्यंत कॅमेऱ्यासमोर उपस्थित राहण्याचे तोंडी आदेश. तिसऱ्या परिच्छेदात, घरातील इतर उपकरणे नेटवर्कवरून काढण्याचे तोंडी आदेश. त्यानुसार पासवर्ड बदलला. चौथ्यात, कुटुंबीयांचे फोन क्रमांक मागितले, दोन्ही कळवले. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एकच वाक्य होतं: ‘लेखी पुष्टी प्रलंबित.’ पहिल्यांदा साधं. दुसऱ्या दिवसापासून अधोरेखित. आज सकाळच्या टिप्पणीखाली दोन रेघा, इतक्या दाबून ओढलेल्या की कागद फाटला होता.

शेवटचा परिच्छेद सातवा.

‘आज १४.०० वा. बँकेत समक्ष जाऊन सर्व ठेवी पडताळणीसाठी वर्ग करणे. एकट्याने जावे, फोन खिशात चालू ठेवावा, असे तोंडी आदेश. पडताळणीत दोष आढळल्यास पुढील अपमान कुटुंबास सोसावा लागू नये याची व्यवस्था मी स्वतः करीन. मान्यतेसाठी सादर.’

आणि खाली चार बोटं कोरी जागा. सहीसाठी.

फ्लशचा आवाज आला. तिने फीत बांधली आणि ती बाहेर आली. ‘व्यवस्था मी स्वतः करीन.’ स्वयंपाकघरात ओट्याला धरून तिने ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. त्याच्या हृदयाच्या गोळ्यांची पट्टी खिडकीत होती. रविवारची गोळी तशीच, सोमवारची तशीच, आजचीही. ठेवी गेल्या तर गेल्या, तो जायला नको. पण या बाबतीत घाई करून भागणार नव्हतं, आणि उशीरही चालणार नव्हता. एक वाजायला वीस मिनिटं होती. रेवती दोनच्या आत पोहोचणार नव्हती.

चोर आहेत, असं सांगून झालं होतं. त्याने काय झालं तेही पाहून झालं होतं. फोनमधल्या माणसाला तो घाबरत होता, आणि ती काही बोलली की आणखी घाबरणार होता. तिच्याकडे एकच गोष्ट होती जी कागदावर दिसली की तो छत्तीस वर्षं नोकरीत आणि सत्तेचाळीस वर्षं घरात मुकाट थांबला होता.

पेन देवघराच्या खणात होतं. शाई वाळली होती. तिने निब कोमट पाण्यात बुडवली, झटकली, वर्तमानपत्रावर रेघा मारल्या. आठव्या रेघेला हिरवं उमटलं. मग चहा टाकला. आलं किसून, तो घेतो तसा. कप, बशी, बशीत गोळी.

या वेळी तिने दार वाजवलं तेव्हा काहीच बोलली नाही. नुसती कपबशी वाजवली.

"मिसेज़ है, सर. चाय." थोडा वेळ. "जी. बस रखकर जाएगी."

ती आत गेली. फोनच्या पडद्याकडे तिने बघितलं नाही. तिरप्या नजरेला खाकी रंग आणि मागे एक निळी भिंत एवढंच जाणवलं. श्रीरंग ताठ बसला होता, हात मांडीवर. तिने कप उजवीकडे ठेवला. डावीकडे फाइल उघडीच होती, सातव्या परिच्छेदावर. कमरेला खोचलेलं पेन काढून, वाकून, तिने त्या कोऱ्या जागेत लिहिलं. अक्षर वळणदार आलं. ‘चर्चा करावी.’ खाली आद्याक्षर, तारीख, १३.०५.

"ये हाथ किसका है?" आवाज म्हणाला. "अष्टपुत्रे साहब, क्या हो रहा है वहाँ?"

अलकनंदा वळली आणि चालत बाहेर आली. दार तिने उघडं ठेवलं. जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून ती बसली, हात पुढ्यात ठेवून, जशी फाइल येणार असेल तर बसावं तशी. तिथून तिला त्याच्या खांद्याचा तुकडा दिसत होता.

खांदा हलला नाही. एक मिनिट गेलं. घड्याळाचा काटा तिने पाहिला म्हणून तिला कळलं की एकच गेलं.

"सर," श्रीरंग म्हणाला. "सर, फाइल पर रिमार्क आया है."

"कैसा रिमार्क? कौन-सी फाइल?"

"चर्चा का. डिस्कशन के बिना आगे नहीं जा सकता, सर. पाँच मिनट."

"किसने लिखा है?"

तिला वाटलं, आता हा बसून राहणार.

"सक्षम प्राधिकारी ने," तो म्हणाला, आणि उठला.

"बैठिए! बैठ जाइए! आप कैमरे से हटे तो वारंट—"

तो बसला. खुर्ची करकरली. आणि पुन्हा उठला. फाइल छातीशी धरून तो बाहेर आला, तिच्यासमोरची खुर्ची मागे घेतली, पण परवानगीची वाट पाहिल्यासारखा उभाच राहिला.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. तिने फाइल आपल्याकडे वळवली. चोर हा शब्द तिने तोंडातून काढला नाही.

"लेखी पुष्टी कुठाय?"

"प्रलंबित आहे."

"किती दिवस?"

"तीन."

"मागितलीत?"

"रोज. देतो म्हणतात."

आतून आवाज येत होता. "अष्टपुत्रे साहब." मग, "अष्टपुत्रे!" मग नुसतं, "ए बुड्ढे!"

"तुमच्या विभागात," अलकनंदा म्हणाली, "तोंडी आदेशावर एखाद्याला एकट्याला बँकेत पाठवलं असतंत? कधी पाठवलंत?"

त्याने फाइलीकडे पाहिलं. स्वतःच ओढलेल्या दोन रेघांकडे, फाटलेल्या कागदाकडे.

"नाही," तो म्हणाला.

"मग ही टिप्पणी तुमच्याकडे आली असती तर काय लिहिलं असतंत?"

आतला आवाज आता शिव्या देत होता, आईबहिणीवरून, त्याच सरावाच्या सुरात. श्रीरंग ते ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते समजणं होतं की लाज, तिला कळेना. मग आत एकदम शांत झालं. फोन कापला गेला होता. प्युरिफायरची घरघर तेवढी राहिली.

"गोळी घ्या," ती म्हणाली. "चहा गार झाला असेल, नवा करते. आधी मला पासवर्ड द्या."

त्याने मान डोलावली. उठून मीटरच्या कपाटापाशी गेला, नवी चिठ्ठी लिहिली, चिकटवली. तारीख, वेळ, श्री. अ. तिने बघून बघून एकेक अक्षर फोनमध्ये भरलं. चक्र फिरलं. रेघा भरल्या. जोडलं गेलं.

फोन थरथरू लागला, आणि थांबेना. काल दुपारपासूनचे निरोप एकामागून एक उतरत होते. शेवटचा रेवतीचा, तीन मिनिटांपूर्वीचा. ‘सराय काले खाँपाशी अडकलेय. बाबा ठीक? आई, मलाही कुणाचातरी व्हिडिओ कॉल येतोय सारखा. माझं पूर्ण नाव, ऑफिस, सगळं माहितीये त्यांना. तुला आला तर उचलू नको.’

तिने ते वाचेपर्यंत फोन टेबलावर वाजायला लागला. अनोळखी क्रमांक. चित्रात अशोकस्तंभ, खाली दोन तलवारी.

श्रीरंग फोनकडे बघत होता. त्याचे खांदे पुन्हा ताठ झाले होते, पाय जुळलेले. हात टेबलावरून दोन बोटं पुढे सरकला आणि थांबला. मग त्याने फाइल स्वतःकडे ओढली, पान उलटलं, आठवा परिच्छेद लिहिला. ‘१३.३०. अलकनंदाच्या फोनवर अज्ञात क्रमांकावरून कॉल. उचलावा किंवा कसे, आदेशासाठी सादर.’ खाली चार बोटं जागा सोडून त्याने फाइल वळवून तिच्यापुढे सरकवली, आणि वाट पाहत बसला. अर्ध्या तासापूर्वी त्या खोलीत बसला होता तसाच, हात मांडीवर.

अलकनंदाने पेनचं टोपण काढलं. फोन वाजतच होता.